मधल्या खोलीचं मयाल

१४ डिसेंबर १९८१

एका टिचकीची खरी किंमत आज बसून काढली. पुलगावहून तळेगावला जाणं-येणं दोन दिवस, तेवढे दिवस आरामशीन बंद, नातवासाठी केलेला सागवानी पाळणा: हे धरत नाही, हे हौसेचं. टिचकीपायी जे गेलं ते वेगळं. इवायाच्या, पोरीच्या सासऱ्याच्या, ताटात अर्धी टाकलेली पोळी. पोरीचे, कुसुमचे डोळे. आणि जावयानं एस.टी.पर्यंत माझ्या दहा पावलं पुढं चालणं.

लग्नाला तीन वर्षं झाली. नातू होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही म्हणून दर वेळी तांब्या हाती घेऊन तसाच खाली ठेवायचो. परवा पहिल्यांदा पाटावर बसलो. त्याआधी पाळणा टांगला, मागच्या खोलीत, माडी पेलणाऱ्या तुळईला, मयालाला. दोर बांधता बांधता बोटाच्या हाडानं मयालावर टिचकी मारली. सवय. ठप्प. पुन्हा मारली. ठप्प. ओल्या मातीवर मारल्यासारखं. वर माडीवर यंदाचा कापूस, सरकारी खरेदीत नंबर लागत नाही म्हणून घरातच भरलेला.

जेवताना तोंडून गेलं, "इवाई, मागच्या खोलीचं मयाल कामातून गेलं. कापूस तिथून हलवा."

गुलाबरावांनी घास खाली ठेवला. "किसनराव, नातू पाहाले आले का घर पास कराले?"

पंगतीला गावातले दोघं होते, ते हसले. मीपण हसलो. हसायला नको होतं.

१५ डिसेंबर

घरची म्हणते, "तुमच्या बोटाले आवर नाई. पयल्यांदा जेवाले बसले आन् लोकाच्या मयालाले हात लावला."

म्हटलं, मयाल पडलं असतं तर?

"पडलं नाई न अजून."

तिला काय सांगू. बारा वर्षांचा असताना खड्ड्यात उभा राहून करवत ओढली. वरचा माणूस उजेडात, खालचा भुशात. डोळे उघडता येत नसत, म्हणून कानानं लाकूड ओळखायला शिकलो. कुठं गाठ येणार, कुठं कीड, करवत तिथं पोचायच्या आधी सांगायचो. आज आर्वीपासून देवळीपर्यंत कोणी जुनं घर मोडायला काढलं की आधी मला नेतात. मी ठोकतो, ऐकतो, सांगतो. एकदाही चुकलो नाही. एकदाही.

२३ डिसेंबर

कुसुमचं पत्र. पाळणा मधल्या खोलीत आणला. ती आणि बाळ आता तिथंच निजतात. मामंजी रागावले खरे, पण नातवाचा प्रश्न, म्हणून मागच्या खोलीत कोणी पाय ठेवायचा नाही असा हुकूम सोडला आहे. नवा कापूस येतो तो मधल्या खोलीच्या वर भरतात.

निघताना मधल्या खोलीचं मयालही वाजवलं होतं, जाता जाता, कोणाला दिसू न देता. ठण्ण. पितळी घंगाळासारखं. त्यामुळं निर्धास्त. उत्तरात तसं लिहूनही टाकलं, मधलं वाजतं.

घरचीला पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, पाहा. माणूस चिडला तरी माझा शब्द पाळतो.

३ जानेवारी १९८२

भगत सर आले, हायस्कूलचे, विज्ञान शिकवतात. फळ्याच्या चौकटीला लाकूड हवं होतं. चहा झाला. मी टिचकीची गोष्ट रंगवून सांगितली, पोळीचं वगळून. सर हसले नाहीत.

"शेठ, मागच्या मयालावर कापूस होता?"

होता न.

"आन् मधल्यावर?"

तेव्हा नव्हता.

सर उठून शेडमधून एक फाटकी गादी आणली. दोन ओंडक्यांवर सागाची तुळई आडवी पडली होती, माझी स्वतःची, हिंगणीच्या जंगलातली, डोळे मिटून विकावी अशी. "मारा," म्हणाले. मारली. ठण्ण. मग गादी तुळईवर टाकली, तिच्यावर दोन पोरं बसवली. "आता मारा."

ठप्प.

पुन्हा मारली. ठप्प.

मी आयुष्यभर मोकळं लाकूड ऐकलं. ओझ्याखालचं कधी ऐकलंच नाही. मोडायला काढलेल्या घरात माडीवर कोण काय ठेवतं?

सर म्हणाले, "तसंच मोकळ्याचं. वरची साल टणक असन तं आतून भुगा असला तरी वाजते. डब्बा वाजत नाई का?"

पोरं गादीवरून उतरेनात. त्यांना गंमत वाटली.

४ जानेवारी

रात्री डोळा लागला नाही. मागचं कदाचित धड असेल. मधलं? माहीत नाही. माहीत नाही हे मी लाकडाबद्दल कधी लिहिलं नव्हतं.

सरांचा उपाय: आवाज सोडा, वजन करा. सागाचा तेवढाच तुकडा तेवढाच भरला पाहिजे. कमी भरला की आत काही नाही. लोहाराकडून पोकळ गिरमिट करून घेतलं, टोकाला दाते पाडलेलं. फिरवलं की करंगळीएवढा गोल तुकडा बाहेर येतो. माझ्या चांगल्या तुळईतून एक काढून पाहिला. दोन इंच, अखंड, तेलकट. हात ओळखतो तो वास.

आता असाच तुकडा इवायाच्या घरातून काढायचा. चोरासारखा.

१५ जानेवारी

तळेगावहून आलो. बाळाची पहिली संक्रांत, त्याच्या बोरनहाणाचं निमित्त. घरचीनं हलव्याचे दागिने करून दिले. आर्वीपर्यंत छोटी आगगाडी, पुढं एस.टी., पिशवीत वर हलवा, खाली गिरमिट.

गुलाबराव बैलबंड्या घेऊन खरेदी केंद्रावर गेले होते. जावई विनायक घरी. त्याला खरं सांगितलं. गरीब माणूस, बापापुढं मान वर करत नाही. त्यानं पुढचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "मामाजी, लवकर करा."

आधी मागच्या खोलीचं. गिरमिट जाता जाईना, घाम निघाला. तुकडा आला तो काळसर, जड.

मधल्याचं. अर्धा इंच तसाच घट्ट. मग एकदम गिरमिट आत ओढल्यासारखं गेलं. हाताला काही लागेना. कुसुम खाली पदर धरून उभी होती, भुसा सांडू नये म्हणून. तिच्या पदरात पीठ पडलं. भुसा नाही, पीठ.

ती पदराकडं पाहत होती. मग माझ्याकडं पाहिलं.

म्हटलं, थांब, वजन झाल्याबिगर काही म्हणायचं नाही.

भोकं सागाच्या खुंट्यांनी बुजवली. खुंट्या पांढऱ्या दिसत होत्या. कुसुमनं बाळाचं काजळ आणलं आणि बोटानं लावलं. लहानपणी माझ्या शेडमध्ये फळ्यांवर नंबर घालायची, तसंच एक डोळा मिटून.

वर चढून पाहिलं. मधल्या खोलीच्या वर कापूस छातीभर.

२४ जानेवारी

तुकडे आठ दिवस चुलीच्या कडेला वाळवले. ओलं लाकूड खोटं वजन देतं म्हणून सरांनी थांबवलं होतं. घरची रोज विचारायची, या काड्यांची पूजा करायची काय? आज तिन्ही सारख्या लांबीचे कापून सोनाराकडं नेले. मधल्याचा भुसभुशीत भाग सरांनी कागदाच्या नळीत जपून ठेवला होता, पिठासकट.

सोनार म्हणाला, "शेठ, सोनं संपलं काय?"

माझ्या तुळईचा: पावणेचार ग्रॅम.
मागच्या मयालाचा: चार.
मधल्याचा: दोनला थोडा कमी.

पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

मागचं मयाल माझ्या मालाहून सरस आहे. आणि मी पोर आणि नातू तिथून उठवून मधल्याखाली नेऊन निजवले.

२५ जानेवारी

कामात लक्ष नाही. एक फळी वाकडी गेली.

२८ जानेवारी

काल तळेगावी. आज परत.

गुलाबराव बाजेवर होते. म्हटलं, इवाई, माझी चूक झाली. (हे वाक्य एस.टी.त पाठ केलं होतं.) मागचं मयाल पहिल्या नंबरचं आहे, मधलं आतून गेलं आहे. कापूस मागच्या खोलीवर घ्या, पाळणाही.

कागदाच्या पुडीतून तुकडे काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी पाहिले. हातात धरून पाहिले. कसे मिळाले हे विचारतील म्हणून मी श्वास धरून होतो, पण त्यांना ते सुचलं नाही, माझ्याच शेडमधला काहीतरी प्रयोग समजले असावेत. आणि मला खरं सांगायचं धाडस झालं नाही. सांगितलं असतं तर विनायकचं मरण होतं.

"डिसेंबरात मागचं खराब होतं," म्हणाले. "आता मागचं चांगलं आन् मधलं खराब. उन्हाळ्यात काय म्हणसान, तुळशीचं वृंदावन पडते?"

म्हटलं, हसा, पण कापूस हलवा.

"किसनराव, साऱ्या गावाले म्या सांगतलं, पुलगावच्या इवायानं ठोकून पाह्यलं, मधलं मयाल वाजते. शेजारच्या दोघायनं त्यायचा कापूस आणून टाकला मायाकडं. तुमच्या कानाच्या भरवशावर. आता त्यायले काय सांगू, कान बदलला म्हणून?"

वर जाऊन पाहिलं. कापूस कौलाला टेकला आहे.

मग म्हटलं, निदान मधे एक टेकू देतो. खांब माझा, गाडीभाडं माझं, काम माझं. दहा मिनिटं.

यावर मात्र ते हसले नाहीत. आवाज खाली आणला. "धाकटीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. याच खोलीत बसतीन. घराच्या मधात टेकू पाह्यला तं काय म्हणतीन? घर बसलं म्हणतीन. पोर तशीच राहीन माई. तुमची पोर तं पार पडली न, इवाई."

 मीही धाकटीचा बाप असतो तर टेकू दिला नसता.

कुसुमला बाजूला घेतलं. म्हटलं, काही दिवस माहेरी चल.

"काय सांगून येऊ? आता तं जाऊन आली बाळंतपणाची. आन् नणदेचं पाहणं हाय, मी गेली तं काम कोण करन?" मग हळूच, "बाबा, तुम्ही आता काही बोलू नका. तुम्ही बोलून गाडीत बसता. राहाचं मले हाय इथं."

निघायच्या आधी, गुलाबराव अंघोळीला गेले तेवढ्यात, गजानं मधल्या खोलीची उंची घेतली. जमिनीपासून मयालाच्या पोटापर्यंत सात फूट नऊ इंच. वहीत लिहिली.

५ फेब्रुवारी

खांब कापला. बिबल्याच्या लाकडाचा, जुना, सहा इंच चौकोनी. वर हत्ती उभा करा. वर पाचर मारायला जागा हवी म्हणून अर्धा इंच आखूड ठेवला. एकदा गजानं माप घेतलं की मी दुसऱ्यांदा मोजत नाही. या शेडमध्ये माझ्या मापानं कापलेलं लाकूड परत आलेलं नाही. बाकी सगळं विकत घेता येतं, हे येत नाही.

तळेगावला सरकी घ्यायला जाणारा ट्रक होता, त्यावर चढवला. चिठ्ठी दिली: पाहुणे येऊन गेले की उभा करा.

घरची सारखी म्हणते, "पोर दूर देली. चार पावलावर देली असती तं रोज पाह्यलं असतं." म्हटलं, दूर कुठं, मधे आर्वी तेवढी. तिनं हाक मारली तर मला इथं ऐकू येईल, असा कान आहे माझा. बोलून गेलो. 

१६ फेब्रुवारी

विनायकचं कार्ड. खांब पोचला. अंगणात ठेवला आहे. बाबा विचारत होते हे काय, मी सांगितलं मामाजींनी बसायला पाठवला. पाहुणे पुढच्या आठवड्यात.

२७ फेब्रुवारी

पाहुणे आले, गेले. "कळवतो" म्हणाले. म्हणजे पुन्हा येणार. तोवर खांब आत नाही. कुसुम लिहिते, पाहुण्यांतले दोघं अंगणात त्यावरच बसले होते. एकजण म्हणाला, लाकूड चांगलं आहे.

खरेदी केंद्रावर नंबर लागला नाही. सगळ्यांचाच अडला आहे म्हणे. कापूस तिथंच.

भगत सरांना विचारलं, दोन ग्रॅमचं लाकूड किती दिवस टिकतं? ते म्हणाले, "ते कोणी सांगत नाई, शेठ. वजन सांगते किती गेलं. कधी जाईन ते सांगत नाई." मग म्हणाले, "उद्याही. दहा वर्षांनीही."

दहा वर्षांनीही, या शब्दावर दोन दिवस काढले.

६ मार्च

आज एक गिऱ्हाईक आलं, सेलूचं. जुनं घर विकत घेतो आहे, मयालं ठोकून पाहायला चला म्हणाला. म्हटलं, गिरमिट घेऊन येतो.

"गिरमिट काऊन? तुमचा तं कान प्रसिद्ध हाय."

म्हटलं, कान दुखून राह्यला.

१३ मार्च

पत्र नाही.

१७ मार्च

पत्र नाही. पोस्टमनला विचारलं. "शेठ, आलं तं आणीन न. मी काय ठेवून घेईन?"

तिकडं जावं तर काय म्हणून जावं? गेल्या वेळी कुसुमनं म्हटलं होतं, आता काही बोलू नका. गेलो की तिलाच ऐकून घ्यावं लागेल. नाही गेलो तर इथं बसून लाकूड ऐकायचं. आज दिवसभर आरामशीन चालू असताना मला करवतीचा आवाज ऐकूच आला नाही, एवढं खरं.

२० मार्च

संध्याकाळी कुसुमचं आंतरदेशीय.

"ती. बाबांस सा. न. मामंजी आर्वीला गेले होते म्हणून आम्ही दोघांनी आज खांब आत घेतला. उभा करून पाहिला. बसत नाही. दोन बोटं लांब पडतो. हे म्हणतात तुमचं माप चुकलं असेल, खालून कापू का? तुम्ही लिहाल तसं करू. मामंजी यायच्या आत पुन्हा अंगणात नेऊन ठेवला. वर कापूस तसाच आहे. बाळाला दात येत आहेत, रात्री फार रडतो, पाळणा हलवत बसावं लागतं."

वही काढली. सात फूट नऊ. खांब सात फूट साडेआठ, तेही लिहिलं आहे. अर्धा इंच ढिला राहायला हवा होता. दोन बोटं लांब पडतो.

गज काढून भिंतीला लावून पाहिला, टेपला लावून पाहिला. बरोबर आहे. शेडमध्ये त्याच दिवशी कापलेला उरलेला तुकडा पडला होता, तोही मोजला. बरोबर आहे. माझं माप चुकलेलं असावं असं आज आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आणि ते चुकत नाही. मयाल उतरलं आहे.

घरची चुलीपासून विचारते, "काय लिवलं पोरीनं?"

"बाळाले दात येऊन राह्यले म्हणते."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

आर्वीची गाडी गेली. सकाळची धरतो. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. उंबऱ्यात उभा राहून आधी पाळणा काढा म्हणेन, मग इवाई काय म्हणायचं ते म्हणोत. गिरमिट नेत नाही. दोन जॅक सांगितले आहेत, एक मोटारवाल्याकडून मिळाला.

पत्र पुन्हा वाचलं. वर उजव्या कोपऱ्यात तिच्या हातची तारीख आहे, नऊ दिवसांमागची. अकरा मार्च.